पुण्याहून भाबा खिंड: सिंहगडाचा वेग घरी ठेवून

आतकरवाडीतून सिंहगड पाऊण तासात चढणारा गडी हिमालयात चौथ्या दिवशी तंबूत डोकं धरून बसलेला दिसतो आणि ज्याला तोच गड चढायला दोन तास लागतात तो शांतपणे खिंड ओलांडून पलीकडे उतरतो. यात चमत्कार काही नाही. दम ही एक गोष्ट आणि विरळ हवेची सवय ही दुसरी. पहिली पुण्यात कमावता येते, दुसरी येत नाही. उलट दम जास्त असलेला माणूस कमी वेळात जास्त उंची गाठतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच देत नाही. त्यामुळे खिंडीचं नियोजन 'रोज किती किलोमीटर' असं करायचं नसतं, 'रोज रात्री कुठल्या उंचीवर झोपायचं' असं करायचं असतं. पुढचं सगळं या एका हिशोबाभोवती आहे.

उदाहरणासाठी हिमाचलातली भाबा खिंड घेऊ. किन्नौरमधलं काफनू ते स्पितीच्या पिन खोऱ्यातलं मुढ, अंतर सुमारे ५० किलोमीटर, खिंडीची उंची ४,९०० मीटरच्या आसपास. हिमनदीवर दोर लावून चालावं लागत नाही, म्हणून सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्यांना पहिल्या मोठ्या खिंडीसाठी ही योग्य. शेजारची पिन पार्वती ५,३१९ मीटर आहे आणि तिथे बर्फाखाली झाकलेल्या भेगा असतात. ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

शब्दाबद्दल थोडं. खिंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पावनखिंडीसारखी चिंचोळी वाट येते. तिकडे ती डोंगरधारेवरची सखल जागा असते, इतकंच. किन्नौर-कुलूचे मेंढपाळ तिला 'जोत' म्हणतात, स्पिती-लडाखात 'ला', गढवालात 'खाल', कुमाऊंत 'धुरा'. कुरणाला 'थाच'. वाट विचारताना हे शब्द उपयोगी पडतात.

कधी जायचं

भाबाचं दक्षिण अंग पावसाच्या पट्ट्यात, उत्तर अंग पर्जन्यछायेत. एका दिवसात हिरव्या कुरणातून तपकिरी वाळवंटात उतरता, ते यामुळेच. जूनच्या उत्तरार्धात वरच्या टप्प्यात बर्फ भरपूर असतो. चढायला तो बरा, कारण घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारे सुटे दगड, झाकलेला असतो. पण ओढ्यांवरचे बर्फाचे पूल फसवे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये काफनूकडच्या बाजूला पाऊस आणि रस्त्यावर दरडी. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आमच्या मते सर्वांत चांगला: ओढ्यांचं पाणी उतरलेलं, आकाश बऱ्यापैकी स्वच्छ. मात्र खिंडीखाली उघडा घसारा चढावा लागतो आणि रात्री थंडी वाढलेली असते. गणपती कधी आहेत ते आधी बघा, नाहीतर निम्मा गट ऐनवेळी गळतो.

पुण्यातले १२ आठवडे

पहिले ४ आठवडे फक्त पाय आणि श्वास. आठवड्यातून ३ दिवस वेताळ टेकडी किंवा तळजाई, ६० ते ७५ मिनिटं, गप्पा मारता येतील अशा गतीने. चढावर पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. हीच गती पुढे वर कामाला येणार आहे, म्हणून ती इथेच अंगात भिनवा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रविवारी सकाळी १० वेळा चढून उतरलात तर उताराचाही सराव होतो. गुडघे जातात ते चढताना नाही, उतरताना.

पुढच्या ५ आठवड्यांत पाठीवर वजन. ६ किलोपासून सुरुवात, दर आठवड्याला दीड-दोन किलो वाढवत १२ किलोपर्यंत. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्या, गुडघा कुरकुरला तर वरती ओतून देता येतात. सिंहगड आतकरवाडीतून सुमारे ६०० मीटरची चढण देतो. खिंडीच्या दिवशी साधारण ७५० मीटर चढायचंय, म्हणजे सव्वा सिंहगड, पण निम्म्याच हवेवर. ४,९०० मीटरला हवेचा दाब, आणि त्याबरोबर मिळणारा ऑक्सिजन, समुद्रसपाटीच्या जेमतेम ५५ टक्के असतो.

शेवटच्या ३ आठवड्यांत एकदा राजगड-तोरणा दोन दिवसांत, पूर्ण सॅक घेऊन, आणि एकदा कात्रज-सिंहगड रात्री. पहिल्यात कळतं की थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी चालताना काय होतं. दुसऱ्यात हेडटॉर्चच्या उजेडात पाय टाकायची सवय होते. खिंडीची चढाई पहाटेच्या अंधारातच सुरू होते. निघण्याआधीचा आठवडा विश्रांतीचा. तोंडाला लावायचे 'उंचीचे' मास्क विकत घेऊ नका. त्यांनी श्वास घ्यायला त्रास होतो, बाकी काही नाही. रक्ताला विरळ हवेची सवय फक्त विरळ हवेत राहूनच लागते.

झोपायच्या उंचीचा हिशोब

नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर नको, आणि दर ३-४ दिवसांनी एक जास्तीची रात्र त्याच जागी. दिवसा त्याहून वर जाऊन खाली येऊन झोपणं चालतं, किंबहुना फायद्याचं.

भाबावर तो असा बसतो. झेलम किंवा गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून सिमला. पहिली रात्र तिथे, २,२०० मीटरला. दुसऱ्या दिवशी रामपूर, वांगतूमार्गे काफनू, सुमारे २,४००. तिसऱ्या दिवशी जंगलातून मुलिंग, सुमारे ३,२५०. चौथ्या दिवशी कारा, ३,५५० च्या आसपास. विस्तीर्ण कुरण, मेंढ्यांचे कळप. पाचवा दिवसही काराच. इथेच बहुतेक जण एक दिवस वाचवतात आणि इथेच चुकतात, कारण पुढचा मुक्काम फुस्तिरंग ४,१५० ला आहे, म्हणजे एकदम ६०० मीटरची उडी. त्या दिवशी सकाळी ३,९०० पर्यंत रमतगमत चढा, तासभर बसा, जेवायला खाली या. सहाव्या दिवशी फुस्तिरंग, सातव्या दिवशी खिंड ओलांडून मंगरुंगसे, आठव्या दिवशी बलदरमार्गे मुढ, सुमारे ३,८००. एक दिवस हवामानासाठी राखीव. सुट्टी कमी असेल तर ट्रेक बदला, काराचा दिवस कापू नका.

उलट्या बाजूने, म्हणजे मुढकडून, सुरुवात करायची तर आधी काझाला दोन-तीन रात्री काढाव्या लागतात. गाडीने थेट साडेतीन हजारावर जाऊन दुसऱ्या दिवशी चालायला लागणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं.

आता या मार्गावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी नकाशा नुसता आडवा पाहिला तर लक्षात येत नाही. उंचीच्या आजारावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. फुस्तिरंगला कोणी आजारी पडलं तर त्याच दिवशी मुलिंगला आणून ९०० मीटर खाली आणता येतं. पण खिंड ओलांडली की पलीकडे उतरायला उंचीच उरत नाही. मंगरुंगसे ४,२०० च्या वर, मुढ ३,८००, आणि मध्ये दिवसभराची चाल. म्हणजे आजारी माणसाला दिवसभर चालवून पदरात पडणार जेमतेम ५०० मीटर. म्हणून 'कसंबसं खिंडीपलीकडे नेऊ, मग उतारच आहे' हा विचार या खिंडीवर जिवावर बेतू शकतो. निर्णय फुस्तिरंगला, आदल्या संध्याकाळी घ्यायचा.

निर्णय कशावरून घ्यायचा

डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न लागणं हे सौम्य. पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, पण वर जाऊ नका. सकाळी बरं वाटलं तर पुढे, नाहीतर आणखी एक रात्र तिथेच. वाढत गेलं तर खाली.

दोन लक्षणांवर चर्चा नाही. पहिलं, तोल. टाचेला पंजा लावून सरळ रेषेत १० पावलं चालायला सांगा. दारू प्यायल्यासारखा झोकांडत असेल, बोलणं असंबद्ध असेल, तर मेंदूला सूज येतेय. दुसरं, बसल्या जागी लागणारी धाप आणि कोरडा खोकला, जो रात्री वाढतो. पुढे गुलाबी फेस येतो. हे फुफ्फुसात पाणी होण्याचं लक्षण. दोन्हींत रात्र असली तरी, पाऊस असला तरी, सोबत माणूस देऊन लगेच उतरवायचं. आजाऱ्याला 'कसं वाटतंय' विचारून उपयोग नाही, तो 'ठीक आहे' असंच म्हणणार. मराठी माणूस तर नक्कीच, कारण त्याला आपल्यामुळे गट अडायला नको असतो. म्हणून संध्याकाळी सगळ्यांचीच चाल तपासा, एकट्याची नाही.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. सल्फाची ॲलर्जी असेल तर चालत नाही, म्हणून पुण्यातच डॉक्टरांना दाखवा आणि घरी एकदा घेऊन पाहा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची चव बेचव लागते. हे अपेक्षितच आहे. ही गोळी विरळ हवेची सवय लवकर लागायला मदत करते, आजार झाकत नाही. पण गोळी घेतली म्हणून काराचा दिवस वाचत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू मात्र बंद, श्वास मंदावतो.

सॅक आणि बूट

बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे, जाड मोज्यासकट घालून संध्याकाळी विकत घ्या. निघण्याआधी ६०-७० किलोमीटर चालून झालेले हवेत. एक धोका कपाटात असतो: ४-५ वर्षं पडून राहिलेले बूट बाहेरून नवेकोरे दिसतात, पण आतला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने भुगा झालेला असतो आणि दुसऱ्या दिवशी तळ उघडा पडतो. अंगठ्याने तळाच्या बाजूचा थर दाबून पाहा, चिरा दिसल्या तर नवे घ्या. तरीही ३ मीटर नायलॉनची दोरी आणि काठीला गुंडाळलेली डक्ट टेप जवळ असू द्या.

सुती बनियन घरी ठेवा. घामाने भिजलेलं सूत वाळत नाही आणि थांबल्यावर अंग गार पडतं. अंगालगत सिंथेटिक किंवा मेरिनो लोकर, वर फ्लीस, थांबल्यावर घालायला डाऊन, म्हणजे पिसांचं, जॅकेट, सगळ्यांवर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. पुण्यातला स्कूटरवरचा रेनकोट वाऱ्यात फाटतो. स्लीपिंग बॅग घेताना लेबलवरचा 'कम्फर्ट' आकडा बघा, उणे ५ ते उणे १०; 'एक्स्ट्रीम' हा आकडा जेमतेम जीव वाचण्याचा असतो, झोप लागण्याचा नाही. आणि मॅटवर काटकसर नको, थंडी जास्त खालून येते.

चष्मा अतिनील किरण पूर्ण अडवणारा, बाजूने झाकलेला. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. दोन तास उघड्या डोळ्यांनी चाललात तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी दिसत नाही. पोर्टर आणि खेचरवाल्यांकडे चष्मा नसतो असं धरून २ जास्तीचे घ्या. त्यांचे बूट आणि रात्रीचं पांघरूण काफनूलाच पाहून घ्यायचं. ती जबाबदारी नेणाऱ्याची. बर्फ जास्त असेल तर खेचरं खिंड ओलांडत नाहीत. ते काफनूत विचारा, फुस्तिरंगला गेल्यावर नाही.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे, परदेशातल्या भावाने भेट दिलं तरी. नकाशा आणि मार्गाची फाइल फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या, फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा, आणि काफनूच्या पुढे नेटवर्क धरूच नका. घरी एका माणसाकडे तारखांसह मार्ग आणि 'अमुक दिवसापर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं' हे लिहून ठेवा. विमा काढताना कितीव्या मीटरपर्यंत लागू आहे ते वाचा. पुष्कळ पॉलिसी खिंडीच्या खालीच थांबतात.

चूल आणि जेवण

दर ३०० मीटरला पाणी साधारण १ अंश आधी उकळतं. फुस्तिरंगला ते ८६ अंशांच्या आसपास उकळेल, म्हणजे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजणारच नाही, कितीही गॅस जाळा. ३ लिटरचा कुकर घ्या आणि तुरीऐवजी मूग किंवा मसूर. आपले पोहे इथे राजा: गरम पाण्यात भिजले की झालं. भाजलेला रवा, सातू, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे, चिक्की. कोरडं अन्न माणशी दिवसाला ७०० ते ८०० ग्रॅम धरा. उंचीवर जिभेला गोडाचा कंटाळा येतो, म्हणून लिंबाचं लोणचं आणि मेतकूट विसरू नका. पहिल्या दोन दिवसांत फरसाण संपवणारा एक जण प्रत्येक गटात असतो, पुड्या दिवसावार बांधा.

गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत आणि रेल्वेतही नाहीत, तिकडेच विकत घ्या. २३० ग्रॅमचा डबा दोघांना साधारण ३ दिवस. साधा ब्युटेन शून्याच्या खाली वायूरूप होत नाही, पहाटे स्टोव्ह पेटत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण मागा आणि डबा रात्री उशाशी घ्या. स्टोव्ह तंबूच्या आत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि डोकेदुखी अगदी उंचीच्या डोकेदुखीसारखीच असते.

दिवसाला ३ ते ४ लिटर पाणी. वाटेवर मेंढ्या असतात, त्यामुळे ओढा कितीही काचेसारखा दिसला तरी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबून प्या. पाणी बर्फासारखं गार असेल तर तासभर.

पाणी ओलांडताना

कारा ते फुस्तिरंग आणि खिंडीपलीकडे ओढे ओलांडावे लागतात. हे पाणी बर्फाचं, त्यामुळे पहाटे कमी आणि दुपारी ४-५ ला सर्वांत जास्त. सकाळी गुडघ्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी मांडीला लागतो. संध्याकाळी पोचलात तर अलीकडेच तंबू टाका.

जिथे प्रवाह पसरून फाटे फुटलेत तिथे ओलांडा. अरुंद जागा सोपी दिसते, पण खोल तीच असते. सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडा, पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे. सँडल घाला, अनवाणी नको; पाय मिनिटभरात बधिर होतात आणि कापलेलं कळत नाही. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, काठी पुढे रोवून, एका वेळी एकच पाय हलवत, किंचित खालच्या दिशेला तिरकं. तिघांनी खांद्याला खांदा लावून जाणं अधिक सुरक्षित. दोर कमरेला बांधू नका. माणूस पडला तर दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतो.

खिंडीचा दिवस

३ ला उठायचं, ४ ला निघायचं. रात्री गोठलेला बर्फ आणि घट्ट बसलेले दगड ही पहाटेची देणगी. ९ नंतर बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुतायला लागतो, ११ ला ढग दरीतून वर येतात. तासाला १५० मीटर हा वेग पुरेसा, म्हणजे ९-साडेनऊला वर. ११ पर्यंत माथा आला नाही तर परत, मग तो समोर दिसत असला तरी. ही वेळ आदल्या रात्रीच सगळ्यांसमोर ठरवा. वर पोचल्यावर कुणाचं डोकं नीट चालत नाही.

चढताना एक पाऊल, एक श्वास. जास्त तिरपं झालं की एका पावलाला दोन. थांबायचं दर तासाला ५ मिनिटं, बसून नाही, उभ्यानेच काठीवर रेलून. सर्वांत सावकाश चालणारा पुढून दुसरा. बर्फ कडक असेल तर पुढच्याने बुटाच्या टोकाने पायरी ठोकायची, मागच्यांनी तिच्यातच पाय टाकायचा. मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायची दातेरी साखळी, आधीच चढवा, निसरड्यावर उभं राहून बांधता येत नाहीत.

माथ्यावर १५ मिनिटं. फोटो, गूळ-शेंगदाणे, पाणी. पलीकडचा उतार तीव्र, घसाऱ्याचा आणि सैल बर्फाचा. एकाखाली एक चालू नका, तिरपे पसरून उतरा. दगड सुटला की 'दगड!' अशी आरोळी, दगड लहान असला तरी. बर्फावर टाच रोवून, गुडघा किंचित वाकवून उतरायचं. पार्श्वभागावर घसरत जायचा मोह इथे सगळ्यांना होतो. खाली दगड नसल्याची खात्री नसेल आणि बर्फकुऱ्हाडीने थांबायचा सराव नसेल तर घसरू नका, आणि पायांत स्पाइक असताना तर मुळीच नाही. दात अडकला की घोटा मोडतो.

बर्फाच्या पुलाखालून पाण्याचा आवाज येतो. काठीने टोचून पाहा, एकेकट्याने जा, दुपारी टाळा.

मुढनंतर

मुढहून काझाला बस किंवा वाटून घेतलेली जीप मिळते. तिथून कुंझुममार्गे मनाली हा रस्ता उन्हाळ्यातच उघडा असतो आणि पावसात नाल्यांनी अडतो. किन्नौरमार्गे सिमला लांब पडतो, पण वेळ आली तर भरवशाचा. दिल्लीची परतीची गाडी मुढला पोचायच्या दिवसापासून किमान ३ दिवस सोडून काढा.

पुण्यात आल्यावर स्लीपिंग बॅग पहिल्याच दिवशी पिशवीतून काढून सावलीत वाळवा आणि पुढे सुटी, टांगूनच ठेवा. दाबून ठेवलेलं डाऊन पुढच्या वर्षी फुलत नाही, आणि सप्टेंबरच्या दमट हवेत त्याला आठवडाभरात वास यायला लागतो. बुटातले तळवे बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही गोंदाचे शत्रू.